टेकबाईंचा उरलेला शब्द

प्रिय टिल्ल्या,

फोन तू उचलत नाहीस. निरोप वाचतोस, आणि पुढे सामसूम. म्हणून शेवटी कागद घेतला. कागद कट करता येत नाही, फार तर फाडशील. पण फाडायच्या आधी वाचशील, इतकं तर मी तुला ओळखते. आज मंगळवार. कुरिअरवाला म्हणाला, गुरुवारी पोचेल. रविवारी संध्याकाळपर्यंत तू इथे हवा आहेस, कसा येतोस ते तुझं तू बघ. का ते सांगते, पण आधी आईचं ऐक. ते आधी सांगितलं तर बाकीचं तू वाचणार नाहीस.

आईला झटका येऊन चौदा महिने झाले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं आणि एकच शब्द उरला: टेक. डॉक्टर म्हणाले, काही जणांचं होतं असं, सगळं पुसलं जातं आणि जन्मभर घोकलेलं एखादं तेवढं राहतं. घ्या! एकतीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवलं, त्यातून राहिलं ते हे. शाळेत तिला टेकबाई म्हणायचे, आठवतं? वर्षाच्या पहिल्या तासाला फळ्याच्या मधोमध तो शब्द लिहायची आणि विचारायची, याचा अर्थ फक्त ‘घेणे’ असं कोणाकोणाला वाटतं? सगळे हात वर. मग तासभर फळा भरत जायचा. बस पकडायची तरी तोच, गोळी गिळायची तरी तोच, फोटो काढायचा, बूट काढायचे, वेळ लागायचा, पोरगं आईच्या वळणावर जायचं, सगळीकडे हा एकटा पठ्ठ्या राबतो. परीक्षा आपण देतो आणि इंग्रजीत तीच घेतात, नापास मात्र दोन्हीकडे होता येतं, असं म्हणून ती तुझ्याकडे बघायची. वर्ग हसायचा. तू घरी येऊन दप्तर भिरकवायचास. मला तेव्हा गंमत वाटायची, आता नाही वाटत.

पहिले दोन महिने मी रडकुंडीला आले होते. टेक म्हणाली की मी पाणी आणायचे. पुन्हा टेक, मग उशी. पुन्हा टेक, मग पंखा. ती चिडायची, मी चिडायचे, आणि दोघी रडायचो. मग एक दिवस दुकानातून गिऱ्हाइकांच्या नंबरांची एक जुनी वही आणली (अजून तिथेच चष्म्याच्या काचा घासते मी) आणि मागच्या कोऱ्या पानांवर लिहायला लागले. तोंडातल्या तोंडात आणि डोळे खिडकीकडे, म्हणजे पडदा सरकव. लांबवून आणि शेवटी आवाज खाली, म्हणजे दमले, पुरे. दोनदा पटापट, म्हणजे दुखतंय, हात काढ. चादर ओढत म्हणाली की बाथरूम, आणि तेही आत्ताच्या आत्ता. मान तिरकी करून म्हणाली तर मी जेवले का ते विचारते. एकतीस झालेत आजवर. बाविसावा सगळ्यात छान आहे. दुकानातली एखादी गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली की नाक मुरडून म्हणते, म्हणजे चल, काहीतरीच! त्या एकासाठी मी रोज दोन थापा जास्त मारते.

मी दुकानात असते तेव्हा तिच्याजवळ एक बाई ठेवली आहे. बाई चांगली आहे, पण तिच्या कानाला सगळे टेक सारखेच. गेल्या महिन्यात व्यायाम करून घेणारा आईचा खांदा वर उचलत होता. आई दोनदा दोनदा ओरडत होती, आणि बाई त्याला सांगत होती की अजून घ्या म्हणतायत, घ्या. मी आले तर खांदा टम्म सुजलेला. त्या दोघांना मी काय काय बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. पण त्यांची तरी काय चूक? बाईच्या हातात वही दिली तर तिने दोन पानं चाळली आणि म्हणाली, ताई, यात आवाज कुठेय?

आता तुझं. आठ महिन्यांपूर्वी तू व्हिडिओ कॉल केलास, रस्त्याने चालता चालता. तुला बघून आई टेक, टेक करत पलंगावर हात आपटायला लागली. तू पांढराफटक पडलास आणि फोन ठेवलास. नंतर मला लिहिलंस, कळलं मला तिला काय म्हणायचंय, जन्मभर नुसता घेत आलास म्हणतेय. अरे गाढवा! घर सोडताना तुमच्यात काय झालं ते मला माहीत आहे, आणि तीही काही कमी बोलली नव्हती. पण तो सतरावा होता. उशिरा येऊन वर्गाच्या दारात घुटमळणाऱ्या पोराला ती म्हणायची ना ‘टेक युअर सीट’, तसा. खाली बस. तुझा चेहरा हलत होता रे, तिला नीट दिसत नव्हता. मला स्वतःलाच हे महिन्याभराने कळलं, आणि तोवर तू फोन उचलणं सोडलं होतंस. तेव्हापासून कोणाचाही फोन वाजला की ती पलंगाजवळच्या खुर्चीकडे बघून तोच म्हणते.

आता कारण. माझ्या छातीत गाठ निघाली आहे. तपासणीचा कागद आला, गाठ चांगली नाही. सोमवारी सकाळी ऑपरेशन आहे, त्यानंतरचे उपचार किती महिने ते कोणी धड सांगत नाही. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण मी नसताना हिचं कोण ऐकणार, याची जास्त वाटते. शनिवारी तिला सांगून बसले. तिच्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलं होतं मी, कसली अक्कल! तिने माझ्याकडे पाहिलं, डावा हात माझ्या गालावर ठेवला आणि काहीच म्हणाली नाही. आज चौथा दिवस. पाणी नाही, पडदा नाही, दुखतंय नाही. फोन वाजला तरी गप्प. एकच शब्द होता, तोही तिने सोडलाय, आणि मी वही उघडून तिच्या तोंडाकडे बघत बसते. मला आता एकटीला नाही जमत रे. तू ये. वही तिच्या उशाशी आहे, पण नुसत्या वहीवर विसंबू नकोस, कान लावून ऐक. आलास की सामान दारातच टाक, बाकी सगळं नंतर. आधी ती खुर्ची ओढ आणि आईच्या समोर खाली बस.

तुझीच,
ताई