मागच्या गल्लीनं कॉलेज

मंगळवार, संध्याकाळ

आज पंडरीच्या कापडबाजारात मी आन् माही पोरगी सोनू, तिच्या कॉलेजसाठी कुर्त्याचं कापड पाहून राहिलो होतो. शेजारच्या वर्माभाभी भेटल्या. "बिटिया का एडमिशन कहाँ हुआ?"

"पुणे में," मी बोलून गेली. काहून? पुण्याची फी आपल्याले झेपली नाही, म्हणून इथल्याच सरकारी कॉलेजात नाव टाकलं. आन् सोनूले तर हे इथलंच कॉलेज आवडलं होतं. इथली लॅब पाहून किती खूश झाली होती पोट्टी!

भाभीनं तिलेच विचारलं, "कब जा रही हो?"

हातातलं कापड चुरगाळत सोनू म्हणाली, "अगले हफ्ते, आंटी."

माह्यासाठी खोटं बोलली.

घरी आल्यावर तेच चुरगाळलेलं कापड सरळ करत मलेच समजावते, "मम्मी, टेंशन मत लो. कॉलेज मैं पीछे वाली गली से जाऊँगी."