दाजींचा मखमली सोफा आणि फीची तिसरी पायरी

दाजींना जमिनीवर बसूनच नमस्कार (खुर्च्या घरात आहेत, पण त्या गिऱ्हाइकांच्या).

ताई बरी असेल. भाच्याचा खोकला थांबला का? आणि आपली कंबर? दलालीच्या धंद्यात दिवसभर लोकांचे जिने चढायचे आणि घरी आल्यावर टेकायला सोफा नाही, या विचाराने मला घास गोड लागत नाही. सोफा उन्हाळ्यापासून तयार आहे. पण आपला एकच निरोप, राहू दे रे, घाई कसली. असं समजूतदार गिऱ्हाईक मिळायला नशीब लागतं.

इकडे सगळं ठीक. फक्त शाळेने फी पुन्हा वाढवली. भाचा त्याच शाळेत आहे, तेव्हा आपल्याला ठाऊकच आहे: ऐपतीप्रमाणे फी, तिच्या चार चढत्या पायऱ्या, आणि आपल्या-माझ्यासारख्या पगार नसलेल्यांची ऐपत ठरवायला शाळेच्या बाई घर बघून जातात. तत्त्व मला पूर्ण मान्य आहे. ज्याच्याकडे जास्त त्याने जास्त द्यावं, हे मी पालकसभेत टेबल आपटून बोललो होतो (टेबलाचा पाय निखळला, तो मीच बसवून दिला). पण सोफ्याच्या गाद्या भरणाऱ्याची ऐपत नुसत्या डोळ्यांनी कशी मोजणार? एक खोली, तेच घर, तेच दुकान. तीत डॉक्टरांच्या झुलत्या खुर्च्या, एका हॉटेलची नक्षीदार बाकं आणि मधोमध आपला जांभळ्या मखमलीचा, सिंहाच्या पंजांचे पाय असलेला सोफा. बाई त्यावर बसल्या आणि इतक्या खोल रुतल्या, की त्यांना बाहेर काढायला आम्हां नवराबायकोला दोन्हीकडून हात द्यावा लागला. म्हटलं, बाई, यातलं काही माझं नाही. त्या म्हणाल्या, "सगळे असंच म्हणतात हो!" मी पुराव्यादाखल सोफा उलटा करून काथ्या, पट्टे, स्प्रिंगा दाखवल्या. त्यांनी वाकून पाहिलं आणि "आतूनसुद्धा भारीच आहे" म्हणून आम्हाला तिसऱ्या पायरीवर बसवलं.

ती फी मला झेपणारी नाही. पोरीने आपणहून पुस्तकं बांधून ठेवली आणि म्हणाली, "बाबा, मी खिळे ठोकायला शिकते." तिचा हात चांगला बसतो, याचंच मला जास्त वाईट वाटलं. म्हणून पायरी उतरवायचा अर्ज केला. बाई गुरुवारी पुन्हा येणार आहेत. डॉक्टर आणि हॉटेलवाला, दोघांनीही आपापलं सामान हलवलं, देव त्यांचं भलं करो.

ताईला आठवण सांगा, भाच्याला आशीर्वाद.

आपला मेहुणा

ता. क. सोफा बुधवारपर्यंत न्यावा. मजुरी सवडीने दिलीत तरी चालेल.

आणखी एक. निघताना बाई मला उपदेश करून गेल्या. म्हणाल्या, "जरा साधेपणा शिका. परवाच एका दलालांकडे गेले होते, बिचारे सहकुटुंब जुन्या सतरंजीवर बसले होते. कोपरा इस्त्रीने जळालेला. मला भरूनच आलं, पहिली पायरी देऊन टाकली." दाजी, तो कोपरा माझ्या बायकोने जाळलाय. सतरंजी ताई पाहुण्यांसाठी म्हणून मागून घेऊन गेली होती. ती राहू द्या, घाई नाही.

आणि शेवटचं. सोफा कुणाचा, असं बाईंनी विचारलं तेव्हा मी 'एका गिऱ्हाइकाचा' एवढंच म्हणालो. गुरुवारी त्या नाव विचारणार आहेत. त्या वेळी पोरगी घरात असेल, आणि तिच्यासमोर मी खोटं बोलत नाही.