जिन्यावरची पाच मिनिटं

प्रिय सोन्या,

रागावून गेलास त्याला महिना होत आला. पोचल्याचा फोनही मलाच केलास, बाबांना नाही. ऑपरेशन झालेल्या बापाच्या हातात सिगरेट बघून तुझं डोकं फिरलं, त्यात तुझं काही चुकलं नाही. माझंही फिरलं होतं. पण तू पाकीट चुरगळून भरल्या ताटावरून उठलास आणि ते मान खाली घालून बसून राहिले, ते काही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

एवढं भोगूनही माणूस ओढतोच कसा, असं तू मला विचारलंस. शरीराला सवय लागते, ती मिळाली नाही की जीव कासावीस होतो, हे डॉक्टरांनी सांगितलंच आहे. सुरुवात कशी झाली ते मात्र तुला कुणी सांगितलेलं नाही. लग्न झालं तेव्हा हेच गृहस्थ सिगरेटच्या वासानेही नाक मुरडायचे! छापखान्यात मशीनच्या धडधडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. त्यात मुकादम एक नंबरचा वल्ली. सिगरेट ओढणाऱ्यांना मागच्या जिन्यावर पाच मिनिटं जायची मुभा. जो ओढत नाही त्याचं बाहेर काय काम, म्हणायचा. मग तुझ्या बाबांनी शक्कल लढवली. न पेटवताच सिगरेट बोटांत धरून जिन्यावर जाऊ लागले. एके दिवशी मुकादमाने पकडलं, सगळे खो खो हसले, आणि यांना ती पेटवावी लागली. खोकून खोकून बेजार झाले म्हणे, पण त्या संध्याकाळी घरी आले ते बोलत बोलत. घरात घुम्यासारखा बसणारा हा माणूस त्या जिन्यावर साहेबांच्या नकला करायचा. तू झालास तेव्हा पेढेवाटपाआधी बातमी तिथेच फुटली.

निवृत्त झाले, जिना सुटला, मित्र पांगले. सिगरेट तेवढी घरी आली. आपण ती काढून घेतली आणि खिशात लवंगा भरल्या. लवंगांशी काय बोलणार रे ते?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. तू गेल्यापासून त्यांनी सिगरेटला हात लावलेला नाही. तुला कळवू नको म्हणाले. पुन्हा हरलो तर पोराला कुठल्या तोंडाने सामोरा जाऊ, म्हणाले. दुपार कलली की तगमगतात, साध्या गोष्टीवरून माझ्यावर खेकसतात, मग दाराबाहेर पायरीवर जाऊन बसतात. मी शेजारी बसते, पण माझं बसणं त्यांना पहाऱ्यासारखं वाटतं. तुझी वाट बघतात, पण तसं बोलून दाखवत नाहीत. मला भीती वाटते रे, एकटे राहिले तर यांचं मन परत डळमळेल. या रविवारी ये. शाबासकी नको, उपदेश तर नकोच नको. शेजारी बस, तुझ्या साहेबाची यथेच्छ टवाळी कर. का आलास म्हणून विचारलं, तर सहज आलो म्हण.

तुझीच, पण आज थोडी त्यांच्या बाजूची,
आई