नऊ बाय सातचे स्वयंपाकघर

नाशिक, गंगापूरच्या रस्त्याला,
नवे घर (नंबर अजून पडलेला नाही),
फेब्रुवारी १९३७

राजमान्य राजेश्री बापूसाहेब, मुक्काम येवले, यांच्या पायांवर धाकट्या मेहुण्याने डोके ठेवले आहे असे समजावे. (प्रत्यक्षात ठेवता आले नाही हे बरेच झाले. डोके सध्या चुन्याने पांढरे झाले आहे, आपल्या धोतराला डाग पडला असता.) आपला गुडघा आता कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? नसल्यास ज्येष्ठमध आणि अडुळसा यांचा काढा द्यावा. हा काढा आपल्या भगिनीचाच, आणि ती स्वतः आपल्याकडेच असल्यामुळे मी इथून सांगायचे कारण नाही म्हणा.

तिला तिकडे जाऊन आज अकरा दिवस झाले. मी काही बोटे मोजत बसलेलो नाही, समोर कॅलेंडर आहे म्हणून कळले. आणि त्याबद्दल हे पत्र अजिबात नाही. तिने माहेरी हवे तितके राहावे, मी इथे मजेत आहे. फक्त पुढच्या गुरुवारी वास्तुशांत आहे आणि पत्रिका छापून घरोघर गेल्या आहेत, एवढे आपल्या कानावर घालतो. पत्नी शेजारी नसेल तर कमरेला सुपारी लावून यजमानाला पूजेला बसता येते, असे मी ऐकून होतो. भटजींना विचारले. ते म्हणाले, ‘पूजा होईल हो, पण आलेल्या बायकांना हळदकुंकू काय सुपारी लावणार?’

आपल्याला एकच बाजू कळली असणार, म्हणून दुसरी लिहितो. मनमाडच्या मालधक्क्यावर तीस वर्षे दुसऱ्यांची पोती मोजल्यावर निवृत्तीला आपले स्वतःचे घर असावे, एवढीच माझी इच्छा. पण बांधायचे तर शास्त्रशुद्ध, असा हट्ट धरला आणि दोन शास्त्रांच्या कचाट्यात सापडलो. पहिले शास्त्र मुंबईहून आले. देवस्थळी नावाचा तरुण आर्किटेक्ट, डोक्यावर सोला हॅट, काखेत निळ्या नकाशाची गुंडाळी, आणि परतीच्या गाडीची वेळ कायम तोंडावर. पहिल्याच भेटीत त्याने विचारले, ‘आपली राहण्याची पद्धत कशी आहे?’ मी म्हटले, सकाळी उठतो, चहा घेतो, ऑफिसात जातो. त्याने ते लिहून घेतले आणि महिन्याभरात नकाशा आणला, तो घराचा की जहाजाचा हे मला दहा मिनिटे कळेना. पुढची गॅलरी गोल, गोल खिडक्या, वर कठडा. (गोदावरीला पूर आला तर उपयोगी पडेल, असे म्हणून मी मनाचे समाधान करून घेतले.) हवा, उजेड, सावली यांवर तासभर व्याख्यान झाले. स्वयंपाकघर त्याने जाता जाता, टोपी घालताना दाखवले. मागचा कोपरा, पंधरा फूट बाय नऊ फूट.

तो नकाशा घेऊन मी पंचवटीत धोंडभटजींकडे गेलो. दुसरे शास्त्र ते. आपल्याला माहीतच आहे, पण हल्लीच्या लोकांना सांगावे लागते, की खोलीची लांबी आणि रुंदी यजमानाच्या हाताने मोजायची, दोन्हींचा गुणाकार करायचा, आठाने भागायचे, आणि उरेल त्या बाकीवरून आय, म्हणजे त्या खोलीचे शुभाशुभ, ठरवायचा. बाकी एक उरली तर ध्वज, तीन उरली तर सिंह, सहा उरली तर सरळ गाढव. भटजींनी माझे कोपर टेकवून बोटापर्यंत हात मोजला, त्या मापाची बांबूची कामटी तोडली. हात बरोबर दीड फूट भरला, याबद्दल माझे कौतुकही केले. मग स्वयंपाकघर काढले. दहा हात बाय सहा हात, गुणाकार साठ, बाकी चार. भटजींचा चेहरा उतरला. चार म्हणजे श्वान! ज्या स्वयंपाकघराला कुत्र्याचा आय, त्या घरात नवराबायको दिवसभर एकमेकांच्या अंगावर धावून जाणार. मी घाबरून उपाय विचारला. त्यांनी पाटीवर खूप वेळ खडू घासला आणि सांगितले, नऊ हात बाय सात हात करा. त्रेसष्ट, बाकी सात. गज! दारी हत्ती झुलेल म्हणाले. मी दक्षिणा ठेवून तरंगतच घरी आलो.

यानंतर त्या निळ्या नकाशावरचे पंधरा आणि नऊ हे आकडे कोणी तरी खोडले आणि लाल पेन्सिलीने तिथे नऊ आणि सात असे लिहिले. हा उपद्व्याप कोणाचा, ते अद्याप उघडकीस आलेले नाही. पुढे ‘हात’ लिहिले असते तर काय बिघडले असते? पण नुसते नऊ आणि सात. आणि नकाशातले बाकी सगळे आकडे फुटांत!

काम दिले होते बद्रुद्दीन मिस्त्रींना. जुन्या नाशकातले, तीन पिढ्यांचे गवंडी, ओळंबा सोडला की वाराही थांबतो अशी ख्याती. माणूस अतिशय अदबशीर, आणि सगळे त्या अदबीनेच झाले. मी मनमाडला, नोकरीचे शेवटचे महिने, रविवारी तेवढा येऊन बघायचो. पाया पाहिला तेव्हा मागची खोली मला जराशी लहान वाटली. पण पाया नेहमी लहानच दिसतो असे देवस्थळी म्हणाले, धोंडभटजी म्हणाले, रस्त्याने जाणारा एक दूधवालाही थांबून म्हणाला. भिंती चढल्या की खोली मोठी वाटू लागते म्हणे. भिंती चढल्या आणि ती आणखीच लहान वाटू लागली. मिस्त्रींनी एकदा विचारले होते, माप भिंती धरून की सोडून? मी भटजींना विचारले, ते म्हणाले धरून. भिंती दगडी, दोन्ही बाजूंना दीड दीड फूट. आत काय उरले ते पाहा. सहा फूट बाय चार फूट.

एका रविवारी मिस्त्री हळूच म्हणाले, ‘साहेब, या खोलीचं जरा...’ मी त्यांना पुढे बोलूच दिले नाही. म्हटले, ‘मिस्त्री, ते शास्त्राचं काम आहे. तुम्ही त्यात पडू नका.’ त्यांनी कानाला हात लावला आणि पुन्हा म्हणून अवाक्षर काढले नाही. भटजी कामटी घेऊन फक्त याच खोलीभोवती फिरतात, हे त्यांनी पाहिले होते. त्यांची समजूत झाली, हे देवघर. दुसऱ्याच्या देवाच्या कामात आपण कशाला बोला, म्हणून गप्प राहिले. उलट पूर्वेच्या भिंतीत त्यांनी एक कोनाडा काढला आणि त्यावर स्वतःच्या हाताने कमळ कोरले. इतके सुंदर कमळ मी नाशकात दुसरे पाहिले नाही.

आता अकरा दिवसांपूर्वीचा प्रसंग. आपल्या भगिनीने तोवर घर पाहिले नव्हते. (नकाशातले तिला काय कळणार, याबद्दल आमच्या तिन्ही शास्त्रज्ञांचे एकमत झाले होते. तिसरा मी.) टांग्यातून पितळी भांडी, पाटा-वरवंटा, बंब, सगळे घेऊन ती उतरली. गोल गॅलरीकडे तिने बघितलेही नाही, तडक मागे गेली. आत शिरली. वळली, म्हणजे वळण्याचा प्रयत्न केला. (तिच्या अंगकाठीबद्दल मला आदरच आहे, हे कृपया तिला सांगावे.) पाटा ठेवला, वरवंट्याला जागा उरेना. बसायला पाट मांडला, तर दार लागेना. मग त्या कोनाड्यापाशी उभी राहून म्हणाली, ‘इथे मी स्वयंपाक करायचा, की तुम्ही मला यात बसवून पूजा करायची?’ यावर मी गप्प बसायला हवे होते. मी म्हणालो, ‘अगं, पण गजाय आहे.’ तिने भांडीसुद्धा उतरवू दिली नाहीत. टांगा तसाच उलटा फिरवून स्टेशन गाठले. पुढचे आपल्याला ठाऊक आहे.

मी तज्ज्ञांना जाब विचारला. देवस्थळींचे मुंबईहून उत्तर आले की विलायतेत हल्ली अशीच आटोपशीर स्वयंपाकघरे असतात, बायका उभ्यानेच रांधतात. धोंडभटजींनी पुन्हा पाटी काढली आणि विजयाने दाखवले, की हातांनी मोजा नाही तर फुटांनी मोजा, नऊ साते त्रेसष्टच, हत्ती जागचा हललेला नाही. एकट्या मिस्त्रींनी मान खाली घातली. चूक त्यांची तिळभर नव्हती, तरी दोन दिवस त्यांना जेवण गेले नाही.

असो. मी मजेत आहे हे वर लिहिलेच आहे. गोल गॅलरीत स्टोव्ह मांडून खिचडी करतो. काल ती खालून लागली आणि वरून कच्ची राहिली, हे कसे साधते ते मलाही कळलेले नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना गोड पापा. गुडघ्याला तेल चोळत जावे.

आपला,
रंगनाथ

ता. क. आपली भगिनी बुधवारपर्यंत इकडे येईल असे काही करता येईल का? मी सांगितले असे तिला कळू देऊ नये.

दुसरा ता. क. ती लाल पेन्सिल माझी. रेल्वेची होती, ऑफिसातून येताना खिशात राहिली. तीस वर्षे मी पावत्यांवर नुसते आकडे मांडत आलो, परिमाण वरच छापलेले असायचे. हे लिहायला मला अकरा दिवस लागले. घर खायला उठते आहे, बापूसाहेब.

तिसरा ता. क. (दोन दिवसांनी. पाकीट अजून टाकलेले नाही.) अगं, ऐक. माझे अक्षर पाहून पाकीट तूच आधी फोडणार, हे का मला ठाऊक नाही? मागची भिंत काल पाडली. मिस्त्री दोरी धरून उभे आहेत आणि विचारताहेत, ‘साहेब, आता किती?’ मला सांगता येत नाही. मनमाडच्या क्वार्टरात तू चुलीपाशी कुठल्या अंगाला बसायचीस, पाणी कुठे भरून ठेवायचीस, काही केल्या आठवत नाही. मी कधी आत येऊन बघितलेच नाही, ताट वाढले की येऊन बसायचो. तू ये. हवी तिथे ऐसपैस बस आणि भिंत कुठून न्यायची ते मिस्त्रींना सांग, मी मध्ये बोलणार नाही. गुरुवारची घाई करू नकोस. आज सकाळी घरोघर जाऊन पत्रिका परत घेतल्या. लोकांनी कारण विचारले. मी सांगितले, घर अजून मालकिणीला पसंत पडलेले नाही.