दुपारी दोन ते चार

४ नोव्हेंबर, मंगळवार
आजपासून मी डोंबिवलीकर. ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या मैत्रिणींनी तोंडं अशी केली, जणू मी काळ्या पाण्यावर निघाले आहे. करोत. घर माझं, किल्ली माझी, सकाळचा चहा माझ्या वेळेला. अपूर्वच्या घोडबंदर रोडवरच्या घरी मी चिरंजीवांची आई कमी आणि पाहुणी जास्त होते. सूनबाई रोज सकाळी विचारायच्या, आई, आज तुमचा काय प्लॅन? स्वतःच्या घरात माणूस प्लॅन सांगत नसतो. निघताना दोघांना स्पष्ट सांगून आले की या उंबऱ्यात पुन्हा राहायला येणार नाही.

मानपाड्याच्या बाजूची तीन मजली इमारत. मी तिसऱ्यावर, डोक्यावर फक्त गच्ची. वरच्यांची कटकट नाही. हॉल, पॅसेज, पॅसेजच्या टोकाला झोपायची खोली, हवा भरपूर. खटकलं ते एकच. घरभर भिंतीपासून भिंतीपर्यंत काथ्याची जाड चटई चिकटवलेली. तिच्यात आधीच्या मालकाची वीस वर्षांची धूळ असावी. उद्या ती जाणार.

६ नोव्हेंबर, गुरुवार
चटई गेली. टेम्पोवाल्यानेही नाक दाबलं.

संध्याकाळी सेक्रेटरी प्रशांत आले. चाळिशीचा माणूस, बोलताना सतत मान हलवतो. म्हणाले, जमीन औद्योगिक वसाहतीची, भाडेपट्ट्याची, त्यामुळे सोसायटीचे नियम जरा कडक आहेत. परवानगीशिवाय लादी बदलायची नाही, लादी उघडी ठेवायची नाही, आणि दुपारी दोन ते चार शांतता. भाडेपट्ट्याचा आणि लोकांच्या झोपेचा काय संबंध, असं विचारलं तर मान आणखी हलली. दुपारी झोपणाऱ्या माणसांबद्दल माझं मत मी तीस वर्षं शाळेत पर्यवेक्षिका असताना बनवलं आहे, आणि ते त्यांना ऐकवलं.

चटईखालची मोझॅक लादी उत्तम आहे. सोड्याने धुतली. फक्त दारापासून हॉल, पॅसेज, झोपायची खोली असा एक पट्टा जास्त चकचकीत आहे, वर्षानुवर्षं कुणी त्याच वाटेने चालल्यासारखा. भिंतीपाशी संपतो. पलंग तिथेच टाकला, उजेड चांगला येतो.

११ नोव्हेंबर, मंगळवार
आजचा विनोद. दुपारी पलंगावर पेपर वाचत होते, तर खालून ठोके. झाडूच्या दांड्याचे. आधी दारापाशी, मग हॉलखाली, मग पॅसेजखाली. जळमटं काढत असतील म्हणून सोडून दिलं. चार वाजता खालच्या, दुसऱ्या मजल्यावरच्या कमळाबाई स्वतः वर आल्या. एकट्याच राहतात, बारीक आवाज, स्वच्छ सुती साडी. ताई, जरा टाचा न आपटता चालाल का, दुपारी डोळा लागत नाही.

मी सांगितलं, बाई, मी दोन तास पलंगावरून उठलेले नाही.

त्यांनी माझ्या खांद्यावरून आत हॉलकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "मग कोण चालत होतं, ताई?"

चटई होती तोवर कमी ऐकू यायचं, असंही म्हणाल्या. माणसं काय काय सबबी काढतात!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
रोज ठोके. जिन्यात माझं नाव पडलंय, ‘ठाण्याच्या टाचा’. हे पहिल्या मजल्यावरच्या देवरामकाकांचं काम. रिटायर झालेला माणूस, हातात काठी, करायला काही नाही. मला बघून म्हणतात, मॅडम, परेड संपली का? मी म्हटलं, तुमची अक्कल संपली तेव्हाच संपली. प्रशांतना लेखी कळवलं की एक तर यांचं तोंड बंद करा, नाही तर मी पोलिसांत जाते.

१९ नोव्हेंबर, बुधवार
आज परीक्षाच घेतली. दोन वाजता प्रशांत खाली कमळाबाईंकडे बसले, मी वर पलंगावर पाय घेऊन. फोन चालू ठेवला. थोड्या वेळाने ते कुजबुजले, मॅडम, तुम्ही हॉलमध्ये आहात. मी म्हटलं, पलंगावर आहे. मॅडम, चेष्टा नको, आता पॅसेजमध्ये आलात. खालून ठोके येत होते, एकेक पाऊल पुढे. शेवटचा ठोका पलंगाच्या कडेखाली. मग प्रशांत म्हणाले, थांबलं.

मी खाली वाकून पाहिलं. स्वच्छ, कोरडी लादी. मी मोठ्यांदा हसले. फोनवर कुणी हसलं नाही.

नंतर त्यांना वर बोलावलं तर उंबरठ्याच्या आत पाऊल टाकेनात. वर परत नवी चटई टाका म्हणतात. भित्रट लोक. आवाज तुळईतून कुठूनही येतो, हे आठवीच्या मुलालाही समजतं.

२३ नोव्हेंबर, रविवार
सभा झाली. मी बोलले, बाकीच्यांनी ऐकलं. ठराव झाला: यापुढे कुणीही छताला ठोकायचं नाही, ठोकल्यास दंड. देवरामकाकांनी सगळ्यात उशिरा हात वर केला, पण केला.

संध्याकाळी कमळाबाई आल्या. कल्याणला मुलीकडे, वैशालीकडे जात आहेत, किती दिवस ते ठरलं नाही. आणि एवढं सगळं होऊन आपल्या घराची किल्ली माझ्याच हातात ठेवली, शेजारी ठेवतात तशी. म्हणाल्या, "ताई, वाटलंच तर खाली येऊन बसा. वर काही कळत नाही. खालून निदान कळतं."

किल्ली खिळ्याला अडकवली. बाईंना हरता येत नाही, म्हणून असलं काहीतरी बोलायचं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
शांतता. मी जिंकले आहे.

दोन वाजले की पेपर वाचून होत नाही. एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचते. ठोके होते तेव्हा निदान – मूर्खपणा. शाळेत अशा मुलींना मी वर्गाबाहेर उभं करायचे.

१ डिसेंबर, सोमवार
पलंग हॉलमध्ये ओढला. कंबर धरली. कारण काही नाही, हवा चांगली येते.

नवी चटई मागवली होती. दुकानदार म्हणतो, आठवडा लागेल. यांना आठवडा म्हणजे किती, कुणास ठाऊक.

२ डिसेंबर, मंगळवार
आज खाली जाऊन बसले. कमळाबाईंचा हॉल, माझ्याच घरासारखा, फक्त नीटनेटका. वर कुणी नाही. दाराला मी स्वतः कुलूप घातलं होतं.

दोन वाजता टाचा वाजल्या.

दार. हॉल. पॅसेज. सावकाश, घरातल्या माणसासारखं. झोपायची खोली, भिंतीपर्यंत. तिथे पलंग नाही. थांबलं. मग परत, भराभर. पॅसेज, स्वयंपाकघर, हॉल, पुन्हा खोली – शोधल्यासारखं. शेवटी बरोबर माझ्या डोक्यावर येऊन थांबलं. मी स्वयंपाकघरात गेले. तेही आलं.

चारनंतर वर गेले. कुलूप जसंच्या तसं. लादीवर एक डागसुद्धा नाही.

३ डिसेंबर, बुधवार
अपूर्वचा नंबर काढला. लावला नाही. सूनबाई विचारतील, आई, काय प्लॅन? त्या चेहऱ्यापुढे मी उभी राहणार नाही.

दुपारी पुन्हा खालीच बसले. पुन्हा तेच. माझ्या डोक्यावर येऊन चार वाजेपर्यंत उभं.

कमळाबाईंना फोन केला. त्या ‘बोला ताई’ म्हणाल्या आणि मी फोन ठेवून दिला. इतकी वर्षं हे त्या ऐकत होत्या. आणि मी त्यांना –

उद्याही खालीच. खालून कळतं.

४ डिसेंबर, गुरुवार
खाली आहे. कमळाबाईंची झोपायची खोली, कोपरा, पाठ भिंतीला. वही मांडीवर. दोन वाजून गेले.

वर काही नाही.

अजूनही नाही. संपलं बहुतेक. आपण उगाच –

ठोका. वरून नाही. खालून. देवरामकाकांची काठी. दारापाशी.

खिडकीतून त्यांचा आवाज – कमळाबाई, आलात का कल्याणहून? जरा हळू चाला की!

मी बसले आहे. मी हलले नाही.

ठोका. हॉलखाली.

बाहेर जायची वाट पॅसेजमधूनच. दिसत काही नाही. उन्हात स्वच्छ लादी. काहीच नाही.

ठोका, पॅसेजच्या तोंडाशी –

पुन्हा त्यांचा आवाज – माफ करा हं बाई, विसरलोच! ठोकायची बंदी झालीय नाही का, त्या ठाण्याच्या मॅडमची!

मी ओरडले, ठोका काका, थांबू नका, ठोकत राहा – खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला.

शेवटचा ठोका पॅसेजमध्ये होता. आता कुठे आहे ते कळत नाही. आता कुठे