पहिला गडी

बाबा, तुम्ही अमेरिकन फुटबॉल पाहिला असता तर पाच मिनिटांत म्हणाला असता, बॉल हातात धरून पळतात, मग याला फुटबॉल कशाला म्हणायचं? मीही तेच म्हणाले होते. आता तुमची नात फ्रँकफर्टजवळच्या एका क्लबात तो खेळते आणि मी मैदानाच्या कडेला चहाचा थर्मास घेऊन उभी असते. बॉल कुणाकडे फेकायचा हे ठरवणं तिचं काम. तिच्यापुढे पाच दणकट मुलं उभी असतात, ती समोरून अंगावर येणाऱ्यांना अडवतात. बॉल घेऊन पळणं त्यांच्या नशिबी नाही, त्यामुळे टाळ्याही नाहीत.

अमेरिकेतले मोठे संघ दरवर्षी कॉलेजातले खेळाडू आळीपाळीने निवडतात. ते इथे टीव्हीवर दाखवतात आणि क्लबातल्या आईबापांत त्यावरून जुंपते. बँकेत काम करणारे एक गृहस्थ म्हणतात, अगदी सुरुवातीलाच असला अडवणारा घेणं म्हणजे संधी वाया घालवणं, तसे नंतरही मिळतात. मी तुमची बाजू लावून धरते. अडवणारा कच्चा असेल तर फेकणारा कितीही हुशार असो, तो जमिनीवर आडवाच दिसणार. भांडताना माझं जर्मन व्याकरण घसरतं, मुद्दा घसरत नाही.

मुद्दा तुमचाच आहे, कराडच्या शाळेतला. तुम्ही खेळाचे सर, मी तुमची मुलगी आणि कबड्डीत चढाईला सगळ्यांत चपळ. सरावासाठी गडी वाटून घ्यायचे होते आणि पहिला मान तुमचा होता. मी अर्धं पाऊल पुढे टाकलंही होतं. तुम्ही हाक मारलीत ती कोपऱ्यात खेळणाऱ्या ठेंगण्या मुलीला, जी एकदा घोटा धरला की सोडत नसे. मी दुसऱ्या संघात गेले. त्या संध्याकाळी मी जेवायलाच येईना. आई माहेरी गेली होती, तेव्हा तुम्हीच स्टोव्हवर पिठलं टाकलंत आणि ताट पुढे सरकवत म्हणालात, "पोरी, गुण आणणारे पुष्कळ मिळतात. धरून ठेवणारा आधी घ्यावा." पिठलं मी दोनदा वाढून घेतलं, बोलले मात्र नाही.

गेल्या महिन्यात क्लबाच्या झोमरफेस्टला, म्हणजे उन्हाळी जत्रेला, गंमत म्हणून मुलांचे दोन संघ करायचे होते आणि निवडायचे आईबापांनी. पहिली निवड माझी, दुसरी बँकवाल्यांची. रांगेच्या टोकाला त्या पाचांतला दाराएवढा अडवणारा मुलगा, मधे तुमची नात. सगळे माझ्याकडे बघून हसत होते, कारण मी कुणाला घेणार हे सगळ्यांना पाठ होतं. लेक आपल्या बुटांकडे बघत होती. मी तिचं नाव घेतलं.

बँकवाल्यांनी "आल्झो", म्हणजे "चला तर", म्हणत लगेच तो मुलगा उचलला. मग व्हायचं तेच झालं. रात्रीच्या पावसाने मैदान ओलं होतं, आपली लेक पुन्हा पुन्हा चिखलात आडवी होत होती आणि पलीकडचा फेकणारा त्या मुलाच्या आड उभा राहून निवांत बॉल फेकत होता. आम्ही सपाटून हरलो. मला फार मजा आली.

परतताना एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, ती ब्रेत्सेल नावाचा खारा, पिळाचा पाव खात बसली. ती ऐकते मराठीत आणि बोलते जर्मनमध्ये. म्हणाली, त्यालाच घ्यायला हवं होतंस, हे तूच तर सगळ्यांना सांगत असतेस. मी म्हटलं, हो, चुकलंच.

"मग मला का घेतलंस?"

"तू हवी होतीस म्हणून."

 चिखलाने माखलेलं हेल्मेट माझ्या मांडीवर ठेवून ती स्टेशन येईपर्यंत माझ्या खांद्याला टेकून बसली.

बाबा, तुमचं गणित बरोबर आहे, आणि पुन्हा वेळ आली तरी मी ते चुकवणार आहे. तुम्ही आता नाही, हा कागद कुठल्या टपालपेटीत टाकायचा नाहीच, म्हणून लिहून टाकते. पिठलं खाताना मला तुमचं सगळं पटलं होतं. मला फक्त माझं नाव आधी ऐकायचं होतं.