बाबांनी न मागितलेली तपासणी

प्रिय मॅग्नस,

लीड्सहून तुझ्या इंगाताईचे अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. यंदा कोकरं किती झाली?

डोकं दुखायचं, म्हणून ऑफिसातली पॉलीन म्हणाली, "अगं, दिवसभर स्क्रीनपुढे बसतेस. कंपनीच्या खर्चाने डोळे तपासून घे. कायद्याने हक्क आहे तुझा, भीक नाही."

तपासणीत बाबांसारखाच काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याचं जेवढं दिसणं गेलं ते गेलं. उरलेलं थेंबांनी टिकेल म्हणतात.

बाबाही बंदराच्या कचेरीत स्क्रीनपुढेच बसायचे. त्यांनाही ही तपासणी मिळाली असती. पण कुणापुढे हात पसरायचा नाही म्हणाले, आणि शेवटी त्यांना आईचा चेहराही दिसेना.

हा आजार रक्तातून येतो, आणि नोकरीत तूही कॉम्प्युटरवरच असतोस. उद्याच साहेबांकडे माग, लाजू नकोस.

आईला एवढंच सांग, इंगाला चष्मा लागला.

तुझीच,
ताई